डावीकडचा ग्लास

प्रिय नकटे,

रागावू नकोस, या नावाने तुला हाक मारणारी आता मी एकटीच उरले आहे. फोनवर आपलं बोलणं हवापाण्याच्या पुढे जात नाही, आणि बाबांचं नाव निघालं की तुला नेमकं काहीतरी काम आठवतं. म्हणून म्हटलं, लिहावंच. पुढच्या आठवड्यात आपल्या वाइनचा मेळ घालायचाय आणि तू यायला हवीस. का, ते सांगते. आधी जरा इकडचं ऐक.

नदीवरचं धुकं अजून दुपारपर्यंत हलत नाही. उतारावरच्या वेलींची छाटणी झाली, माझ्या बोटांना भेगा पडल्यात. तळघरात तिन्ही वाइन निवळून तयार आहेत: गुलाबाच्या वासाची, ती लिंबासारखी आंबट, आणि आपली बिचारी साधी, जिला स्वतःचा म्हणावा असा वासच नाही. या खोऱ्यात द्राक्षं सगळ्यांची तीच, माती तीच, ऊनही तेच. तरी घराघराचा मेळ निराळा. कुठली किती घालायची, ते ज्या त्या घरानं ठरवायचं. आपल्याकडे ते कसं ठरायचं ते तुला काय सांगायचं, पण मला आठवायला आवडतं. तू टेबलाएवढीही नव्हतीस तेव्हापासून बाबा तुझ्या नाकाखाली ग्लास धरायचे. प्यायला नाही हं, नुसता हुंगायला! आणि वाइनकडे न बघता तुझ्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. तू नाक मुरडलंस की गुलाब कमी. शेजारी हसायचे, एवढ्या बाप्याची अक्कल पोरीच्या नकट्या नाकात! त्यावर ते खुशाल मान डोलवायचे.

मग तुमचं ते भांडण. साध्या वेली उपटून सगळीकडे गुलाबाच्याच लावायच्या, गिऱ्हाइकाला वास हवा, हा त्यांचा हेका. साधी मध्ये नसेल तर बाकीच्या दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटतील, हा तुझा. दोघंही एकाच माळेचे मणी, माघार घेणार कोण? तू बॅग उचललीस. आता एक सांगू? त्या वेली त्यांनी उपटल्याच नाहीत. तू गेल्यावर कुदळ घेऊन तरातरा गेले आणि संध्याकाळी बांधाची भिंत दुरुस्त करून परत आले. म्हणे, ती पडायला झाली होती. मी कशाला जास्त विचारतेय!

पानगळीत त्यांना ताप आला होता, ते तुला कळवलंच होतं. ताप उतरला आणि माणूस एकदम मवाळ झाला. जेवणाला नावं ठेवणं बंद, दूध करपलं तरी चकार शब्द नाही. मी खुळी, म्हटलं चला, उशिरा का होईना शहाणपण आलं. परवा तळघरात मी तिन्ही ग्लास भरून ठेवले आणि घाईत नेहमीचा क्रम चुकला. त्यांनी सवयीनं डावीकडचा उचलला, डोळे मिटून सावकाश हुंगला आणि म्हणाले, वा, यंदा गुलाब झकास उतरलाय. नकटे, त्या ग्लासात साधी होती गं.  माझ्या तोंडातून मात्र निघालं, हो ना, झकास. मग ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले, अगदी तुझ्याकडे बघायचे तसे. आणि माझा चेहरा तर तुला ठाऊकच आहे, जन्मभर सगळ्यांना बरं वाटावं म्हणून हसरा ठेवलेला.

त्यांना वास येत नाही, बाळा. मला कळलंय हे त्यांना कळू दिलेलं नाही. मेळ बिघडला तर बिघडो, एक वर्ष पाणी पिऊ. पण हा माणूस रोज एकटा खाली उतरतो, ग्लासात नाक घालून बसतो आणि वर येऊन मला सांगतो की सगळं छान आहे, ते मला बघवत नाही. ते तुला बोलावणार नाहीत, मेले तरी नाहीत. तूच ये. पत्राचं बोलू नकोस, कीव तर मुळीच करू नकोस. भांडायला आलेय म्हण, हवं तर दार आपट. मग त्यांच्या समोर बस, ग्लास उचल आणि नाक मुरड, त्यांना नीट दिसेल असं.

खोटं 'झकास' म्हणून थकलेली,
तुझीच
आई