शिवणीवर उसवलेला फ्रेंच शब्द

बाबूजी, अकरावीत मी वर्ध्याच्या कॉलेजात फ्रेंच घेतलं, ते मार्क चांगले पडतात म्हणून. तोंडी परीक्षेसाठी सरांनी एक अजस्र शब्द दिला होता, आंतिकोंस्तित्यूस्योनेलमां. सिंदीच्या आपल्या कापडाच्या दुकानात बसून मी तो घोकते आहे, दरवेळी मध्येच अडकते आहे आणि तुम्ही लुगड्यांच्या घड्या घालता आहात. "अख्खं थान एकदम काऊन उचलतं? तुकडे कर ना त्याचे." सरांनी शिकवलेले आठ तुकडे मी म्हणून दाखवले : आं-ती-कोंस-ती-त्यू-स्यो-नेल-मां. तुम्हाला ते पटलं नाही. "तुहे सर मापानं कापून राह्यले. शिवण कुठं हाय ते पाह्य, तिथून उसव." शेवटचं 'मां' पुष्कळ शब्दांना लागतं, आपल्या 'पणे'सारखं, एवढं मला ठाऊक होतं. "म्हंजे तो काठ झाला. अन् पुढचं आंती?" मी म्हटलं, वरून जोडलेलं. "मंग मधात उरलं ते कापड. ते धर." ते धरलं आणि शब्द तोंडातून सरळ बाहेर पडला! तुम्हीही तो माझ्याबरोबर पाठ करून टाकला.

मग तुम्ही विचारलं, "याचा मतलब काय होते?" सरांनी सांगितला तेव्हा माझं लक्ष नव्हतं, आणि समोर दोन गिऱ्हाइकं कौतुकानं बघत होती. मी ठोकून दिलं, "सुखासमाधानानं." खरा अर्थ पुढच्या आठवड्यात कळला : घटनाबाह्य रीतीने. तोवर उशीर झाला होता. लग्नाचा बस्ता बांधून झाला की तुम्ही नवरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचात, "आंतिकोंस्तित्यूस्योनेलमां राह्यजो, बाई!" लोक मुद्दाम मागून घ्यायला लागले. सेलूची एक म्हातारी तर नातीला दोनदा वाकायला लावून गेली.

काही वर्षांनी माझ्या लग्नाची नोंदणी होती. सरकारी कचेरी, समोर साहेब, मी सही करते आहे, आणि तुम्ही आम्हा दोघांच्या डोक्यावर हात ठेवून तो शब्द खणखणीत म्हणालात. साहेबांनी मान वर केली. "फ्रेंच हाय, साहेब. माह्या पोरीनं शिकवलं." "अर्थ काय?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, "सुखासमाधानानं." ह्यांना मी खरं सांगून ठेवलं होतं, आणि हे तर वकील. त्यांना असा ठसका लागला की तुम्ही ओरडलात, "अरे, जावईबापूले पाणी आना!"

तुमचं मन दुखू नये म्हणून मी गप्प राहिले, असं मी सगळ्यांना सांगते. ते खरं नाही. तुम्हाला वाईट वाटलंच नसतं. पोट धरून हसला असतात आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजाराला सांगून आला असतात. मला भीती होती ती त्याची. "पोरगी हुशार हाय माही" असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात, ते ऐकायला मी कॉलेजातून परस्पर दुकानात यायची. दप्तर ठेवायलासुद्धा घरी जायची नाही.