बांगेच्या वेळच्या गोळ्या

१२ डिसेंबर १९९६

पहाटेची दिली. दुपारची दिली. तिसऱ्या बांगेची दिली. दिवेलागणीची दिली. जेवणानंतरची दिली.

खुर्शीद सिस्टर म्हणाली, मावशी, रोज एवढंच लिहायचं, जास्त नको. वही तिनंच दिली. पुठ्ठ्यावर हत्ती आहे. आता हातात वही आली तर मी पाच ओळींवर थांबणार का? तिसरी पास आहे मी. चौथीत बापानं मिठागरावर नेलं, मीठ ओढायला. नाहीतर ही मास्तरीण झाली असती, असं आमचे मास्तर म्हणायचे. मास्तरांना सगळ्याच पोरी मास्तरीण दिसायच्या म्हणा.

१३ डिसेंबर

पाचही दिल्या. वही तांदळाच्या डब्यात ठेवते. तांदूळ मीच काढते, सरला डब्याला हात लावत नाही.

सरला म्हणजे माझी सून. सहावा महिना. गेल्या वर्षी माझा पहिला नातू गेला, दहा महिन्यांचा होता. जुलाब थांबेनात, तोंडात पांढरं पांढरं. लोक म्हणाले दृष्ट. ह्या खेपेला डॉक्टरणीनं सरलेचं रक्त तपासलं, मग केसरीनाथचं. दोघांच्या कागदावर एकच. सिस्टरनं मला बाजूला नेऊन सांगितलं — एड्सचा जंतू आहे. हे एकदा लिहिलं. पुन्हा लिहिणार नाही.

केसरीनाथ माझा मुलगा. सुरत लाइनला ट्रक चालवतो. कुठून आणलं ते मी विचारलं नाही. आईला तो काय सांगणार.

ह्या गोळ्या मुंबईचे एक मोठे डॉक्टर फुकट देतात, सिस्टर घेऊन येते. आईनं घेतल्या तर पोटातल्या बाळाला लागण्याची भीती कमी होते. जात नाही, कमी होते. मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ती ‘कमी’ म्हणाली.

पांढरी गोळी, कमरेला निळा पट्टा. दिवसाला पाच. आमच्याकडे चालणारं घड्याळ एकच, ते केसरीनाथच्या मनगटावर सुरतेला. सिस्टर हसली. "मावशी, घरामागे मशीद आहे ना? पाच अजान, पाच गोळ्या. थोडं मागेपुढे चालेल. चुकवायचं नाही."

तर मी आता बांगेकडे कान लावून बसते. आजूबाजूला सगळे कापडाचे लूम, त्यांच्या खडखडाटात घरातलं माणूस ओरडलेलं ऐकू येत नाही, पण बांग बरोबर येते.

२० डिसेंबर

शुक्रवार. लाइट गेली. लूम बंद पडले, इतकी शांतता की कानाला बरं वाटेना. वालाच्या शेंगा सोलायला घेतल्या. सरलेला माझ्या लग्नातली गोष्ट सांगितली — वरातीची बैलगाडी कामवारी नदीत रुतली होती आणि नवरा मुलगा उतरून ढकलत होता. ती हसली. किती दिवसांनी हसली.

शेंगा संपल्या तरी बांग नाही. मग डोक्यात आलं, लाइट नाही तर भोंगा कुठून वाजणार! अनवाणी मशिदीच्या गल्लीत गेले. एक म्हातारे चाचा येत होते. विचारलं, बांग हो गया क्या? म्हणाले, कब की हो गई, आपको क्या काम बहनजी? काय सांगू. म्हटलं, चूल पे दाल रखा है.

गोळी उशिरा दिली. रात्रभर तेच डोक्यात.

१६ जानेवारी १९९७

हळदीकुंकवाला गेलो. शेजारच्या गुणाबाईचे डोळे म्हणजे घार. सरलेचा हात धरला न् म्हणते, "केसरीची आई, तुझे सुनेची नखा काली कशी झाली गो?"

गोळ्यांनी होतात. सिस्टरनं आधीच सांगितलं होतं. मी म्हटलं, आवळे चिरले.

"पंधरा दिस आवलंच चिरते काय?"

सगळ्या हसल्या. मी पण हसले. सरलेनं हात पदराखाली घेतला तो घरी येईपर्यंत काढला नाही.

३ फेब्रुवारी

पाच. सरला दोनदा ओकली. एक गोळी पाण्यात दिसली, अख्खी. परत द्यायची का नाही? कुणाला विचारू? दिली.

१८ मार्च

मुलगी.

१९ मार्च

काल एवढंच लिहिता आलं.

मुलगी झाली! पाच पौंड आणि वर काहीतरी. कळा सुरू झाल्यापासून सरलेच्या शिरेतून तेच औषध चालू होतं. पोर अशी दिसते — कपाळाला आठ्या, ओठ बाहेर, सगळ्यांवर नाराज. हुबेहूब माझी सासू. सासूला सगळे आक्का म्हणायचे, म्हणून मी हिला आक्काच म्हणते. माझी सासू मला आयुष्यात कधी गोड वाटली नाही. तेच तोंड आता किती गोड वाटतंय.

२१ मार्च

आज खोटं बोलले. मोठं खोटं.

दूध पाजायचं नाही, दुधातून जाऊ शकतं, हे सिस्टरनं बजावलेलं. वाटी-चमच्यानं डब्याचं दूध. दुपारी सरलेची आई जानकीबाई पूर्ण्याहून आली, गुणाबाई आली, आणखी दोघी. पोर रडत होती. सरलेची चोळी ओली. जानकीबाई म्हणाली, "पाज ना गो तिला, बसलीस काय?" सरला माझ्याकडे बघायला लागली. गुणाबाई म्हणाली, "सासू देत न्हाय वाटतं. नात झाली म्हनून."

मी. जिला दोन दिवस आनंदानं भाकरी गेली नाही ती मी.

तोंडातून निघालं — मी वज्रेश्वरीला बोललेय. पहिला आईच्या दुधावर होता आणि गेला. ही दीड वर्षाची होईपर्यंत आईचं दूध तोंडाला लावणार नाही, मगच देवीच्या पायावर घालीन.

नवसाला कोण काय बोलणार? जानकीबाईनं हात जोडले. म्हणाली, "मना आधी सांगायचा व्हता, विहीनबाय."

दीड वर्ष का, तर तेव्हा हिचं रक्त तपासणार. त्याआधी कळत नाही.

२ एप्रिल

सरलेनं छातीला फडकं घट्ट बांधलंय. पोर रडली की दूध आपोआप येतं. फडकं भिजतं. मी पोर घेऊन ओट्यावर जाते, म्हणजे तिला ऐकू येऊ नये. लूम चालू असले की बरं.

२६ एप्रिल

आक्काला पाजायचे औषधाचे थेंबही आता दोन-तीन दिवसांत संपतील. सहा आठवडे द्यायचे होते, दिले. सरलेच्या गोळ्या तर बाळंतपणालाच बंद झाल्या. मी सिस्टरला विचारलं, पोरीचं झालं, आता सरलेचं काय? केसरीनाथ खोकतो, त्याचं काय?

सिस्टर म्हणाली, "मावशी, ती दवाई बाळासाठी आली होती."

चहा तसाच ठेवून गेली. तिचाही काय दोष.

२९ एप्रिल

डब्यात अकरा गोळ्या उरल्या होत्या. केसरीनाथला दिल्या, बांगेला एक. दोन दिवसांत संपल्या. काही झालं नाही. काय होणार होतं.

१० ऑक्टोबर

आक्का बसते! आधार न देता. बसते आणि पडते आणि पडल्याचा राग माझ्यावर काढते. खिमट दोन वाट्या खाते. सुकटीचा वास आला की मान तिकडे वळवते. आगऱ्याची पोर आहे, शिकवावं लागत नाही.

पण रोज सकाळी उठून तिच्या तोंडात बोट घालून बघते. पांढरं नाही ना. मग चूल पेटवते.

२२ मे १९९८

बऱ्याच दिवसांनी वही काढली. आक्का पळते, हात फक्त लिहायलाच मोकळा नाही असं नाही, खाजवायलाही नाही.

गुणाबाईच्या सुनेला, दमयंतीला दिवस गेलेत, सातवा महिना. तिचा नवरा सुधीर आमच्या केसरीनाथच्याच गाडीवर असतो, एक चालवतो तेव्हा दुसरा झोपतो. आज खुर्शीद सिस्टर त्यांच्या दारातून निघताना दिसली. आमचं काही बोलली तर? मागे धावले. म्हणाली, "मावशी, धनुर्वाताचं इंजेक्शन होतं. माझ्या तोंडातून कुणाचं काही निघत नाही." मग बरं वाटलं.

दमयंती शहाणी पोरगी आहे. संध्याकाळी ओट्यावर बसते माझ्याजवळ, आक्काच्या वेण्या घालते. एक तिची सवय — बांग झाली की उठून पाणी प्यायला आत जाते. मी म्हटलं, गरमीच आहे बाई.

१ ऑगस्ट

दमयंतीला मुलगा. गुणाबाईनं पेढे वाटले. आणि वर काय म्हणाली — "आमचे दमीनंपन तुझ्यावानीच नवस केलाय. वज्रेश्वरीचा. वरचंच दूध पाजनार, दीड वरीस. मी बोलले नको, तर आयकत न्हाय. तुझी आक्का बघ कशी गुटगुटीत हाय, बोलते."

पेढा मी तसाच पदरात बांधला.

३० ऑगस्ट

त्या पोराला जुलाब. आम्ही वाटी-चमचा वीस-वीस मिनिटं उकळायचो, सिस्टर बघून जायची. गुणाबाईकडे बाटली आहे, तिचं बूच माश्यांत पडलेलं असतं. माझ्या थापेनं त्याच्या तोंडचं आईचं दूध गेलं. माझा पहिला नातू असाच सुकत गेला होता. मला ते तोंड बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय राहवत नाही.

खरं सांगितलं तर आमच्या घरचं पाणी कोणी पिणार नाही. सरलेला वाळीत टाकतील. न सांगितलं तर ते पोर.

४ सप्टेंबर

एक युक्ती केली. गुणाबाईला सांगितलं, वज्रेश्वरी माझ्या स्वप्नात आली, म्हणाली त्या पोराला नवसातून मोकळं केलं.

गुणाबाई म्हणाली, "पोर माजा, नवस माजे सुनेचा, आन देवी तुझ्या सपनात कशाला येल? माजा घर ठाव न्हाय काय तिला?"

२५ सप्टेंबर

आज आक्काच्या रक्ताचा कागद आला.

नाही. हिला नाही. काही नाही.

सिस्टर उंबऱ्यावरूनच हसत आली. मी तिला मिठी मारली, तिची छत्री मोडली. सरला भिंतीला टेकून खाली बसली आणि पोर मांडीवर घेऊन तिची बोटं मोजायला लागली, कालच जन्मल्यासारखी. केसरीनाथ मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत होता. त्याचा शर्ट आता त्याला दोन मापं मोठा होतो. त्या दोघांना कुठली बांग नाही, कुठली गोळी नाही. पण आजचा दिवस मी ते बघणार नाही. आजचा दिवस आक्काचा.

२ ऑक्टोबर

आनंदात माणूस धीट होतो. आज गुणाबाईला खरं सांगितलं. सगळं नाही. डोकं चालवलं. म्हटलं, गुणाबाई, माझा नवस खोटा होता. सरलेला दूधच नव्हतं, चारचौघींत लाज वाटली म्हणून देवीचं नाव घेतलं. तुझी दमयंती माझ्या थापेवर गेली. पोराला आईचं दूध दे, सुधारेल.

मग म्हणाली, "देवीच्या नावानं खोटा बोललीस? तुझे जिभेला काय झाला न्हाय?" आणि उठून गेली. चहा घेतला नाही.

शिव्या दे बाई. पोराला पाज म्हणजे झालं.

संध्याकाळी त्यांच्या घरातून रडारड ऐकू आली. मग शांत. मला बरं वाटलं. आक्काला पोटाशी धरून झोपले, कधी नव्हे ती गाढ.

५ ऑक्टोबर

दमयंती मागच्या दारानं आली. बसली नाही.

"काकी, माझा नवस कशाला मोडलात?"

मी म्हटलं, अगं, तुझ्या पोरासाठीच.

म्हणाली, "पाच बांगांच्या पाच गोळ्या मीपन गिळल्यात. सिस्टरनं सांगितला, दूध पाजू नको. सासूला काय सांगू ते समजत नव्हता. तुमचा नवस हाय म्हनून वाचले व्हते." मग पदर नीट केला. "दूध अजून पुरता आटला न्हाय. तीन दिस झाले, सासू समोर बसून पाजायला लावते."