आईच्या व्हायोलेटची दोन पानं

चिमे,

छोट्या कुंड्या आणायला नर्सरीत गेलोय. चहा गाळून ठेवलाय, गरम करून घे.

आईचं शेवटचं रोप वरून पाणी घालून मारलंस म्हणून एवढं रडायचं? तिनंही सुरुवातीला अशीच तीन व्हायोलेटं कुजवली होती, आणि खापर माझ्यावर फोडलं होतं! मग ती कुंडीखालच्या बशीत पाणी ओतायला शिकली.

दोन पानं धड होती. ती कापून दोन पेल्यांत, नुसता देठ बुडेल एवढ्या पाण्यात ठेवलीत. पेले उन्हात सरकवू नकोस. पिल्लं फुटली की एक तुला पाठवीन. माझ्यासाठी रजा वाढवू नकोस, कामावर जा. कुणाचं आधी फुलतं ते बघू.

बाबा