तांब्याच्या घंगाळातले मासे

गुरुजी, तुमच्या शाळेतले मासे माझ्या हातानं मेले नाहीत. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, त्यामुळे हे ऐकून तुम्ही काय केलं असतं ते मला कळणार नाही. बहुधा चष्मा काढून पंच्याच्या टोकानं पुसला असता आणि विषय बदलला असता. अडचणीचं काही समोर आलं की तुम्ही चष्मा पुसायचात. आज मी विषय बदलू देणार नाही. मी गावोगाव भाषणं करते; सभेत मला थांबवायला फौजदार असतो, अध्यक्षांच्या चिठ्ठ्या असतात. इथे कुणी नाही.

आपल्या गावाला खानापूरच्या बाजूचा पाऊस. चार महिने भाताच्या वाफ्यांत पाणी उभं, आणि त्या पाण्यावर पोसलेला हिवताप घराघरांत. भातातले बारके मासे डासांच्या अळ्या खातात असं तुम्ही कुठल्याशा मासिकात वाचलंत आणि बेळगावच्या मिठाईवाल्याकडून काचेची मोठी बरणी आणलीत. मासे पकडायला स्वतः वाफ्यात उतरलात, धोतर खोचून. बांधावर माझी आई गवत कापते आहे. तुम्ही धावता, मासे पांगतात, तुम्ही चिखलात बसता. आई पदरानं तोंड झाकून हसते. "मास्तर, आसं धावल्यावर म्हशीबी पळत्याल. मासं ते!" मग तिनं जुन्या लुगड्याचा तुकडा काढला, एक टोक माझ्याकडे दिलं, आणि आम्ही मायलेकींनी न धावता पंधरा मासे धरले. ओंजळीत धरून तुमच्या लोट्यात सोडले. तुम्ही विचारलंत, "पोरगी कितवीत?" आई म्हणाली, "कुठली शाळा मास्तर? आमास्नी आत कोन घेतंय?"

आठवड्यात मी शाळेत होते. अस्पृश्यांची, त्यात मुलगी. गाव तुमच्यावर उठलं, तुमच्या घरी पाणी भरायला येणारी बाई महिनाभर आली नाही, पण तुम्ही माझं नाव पटावरून काढलं नाही. पडवीत बसवलंत, खिडकीशी. खिडकीच्या आत टेबल, टेबलावर ती बरणी. हे सगळं मी मान्य करते. मान्य करते म्हणूनच संताप येतो. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं, ते मी रोज करते, आणि लोक टाळ्या वाजवतात.

माशांची निगा कशी राखायची ते त्या शाळेत मला एकटीला ठाऊक होतं आणि बरणीला हात लावायची मुभा मला एकटीलाच नव्हती. ते काम पाटलांच्या मुलाकडे. तो टोपलीभर उत्साहानं सगळं पाणी ओतून टाकायचा, मी गजांतून ओरडायचे, "निम्मं ठेव रं! नव्या पान्यात कावरंबावरं हुत्यात ती." तो म्हणायचा, "बरं बाईसाहेब, तिथनंच हुकूम सोडा." मी डबक्यातल्या अळ्या पानाच्या द्रोणात आणून उंबऱ्यावर ठेवायचे, तो आत नेऊन टाकायचा. मासे काचेसारखे आरपार, डोळ्यांभोवती निळं कडं. सगळे पाण्याच्या वरच्या थरात एकाच दिशेला तोंड करून पोहायचे आणि एकदम वळायचे. एकदा एका मादीच्या पोटाखाली अंड्यांचा घोस लटकलेला दिसला. तुम्ही वर्गाला बोलावलंत. "बघा, आई अंडी बरोबर घेऊन हिंडते, मग शेवाळात पुसून टाकते." मुलं टेबलाभोवती. मी पडवीत चवड्यांवर उभी. ती गोष्ट तुम्हाला मी सांगितली होती.

मग तपासणीचे साहेब येणार असं कळलं. मासे गुटगुटीत दिसावेत म्हणून मुलांनी बरणीत शिजवलेला भात टाकला. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी, भिंतींना चुना दिलेला, दारं वाळायला उघडी. मी दुपारी द्रोण घेऊन आले तर पाणी ताकासारखं पांढरं आणि मासे वर तोंडं काढून धापा टाकताहेत. आसपास कुणी नव्हतं. मी उंबरा ओलांडला. बाह्या वर केल्या आणि हात घातला. आंबलेला भात उपसून काढला, निम्मं पाणी ओतलं, गाडग्यातून वाफ्याचं पाणी आणून भरलं. दोन खेपा झाल्या. हळूहळू एकेक मासा तोंड मिटून खाली उतरला, आणि मग ती सगळी रांग पुन्हा एकदम वळली. इतकी खूश मी त्याआधी कधी झाले नव्हते. मागे दारात पाटलांचा मुलगा उभा होता. "आगं," तो म्हणाला, "काय केलंस हे?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता, भीती होती.

संध्याकाळी शाळेपुढे पंधरावीस माणसं. शाळा बाटली, मास्तर, उद्या आमची पोरं येणार नाहीत. तुम्ही त्यांना शांत केलंत. घरून तांब्याचं घंगाळ आणवलंत, चिंचेनं घासून लखलखीत केलेलं. त्यात विहिरीचं पाणी, वर तुळशीचं पान. तुम्ही म्हणालात, तांबं जात्याच शुद्ध करतं. पाटलांच्या मुलानं मासे घंगाळात सोडले. लोक घरी गेले, तुमची शाळा वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे मासे उताणे. पुन्हा माणसं जमली, आणि मी पायरीखाली. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "माणसाच्या हाताची ऊब माशांना सोसत नाही." मागून कुणीतरी म्हणालं, "ऊब न्हाय मास्तर, विटाळ म्हना की सरळ." लोक हसले. तुम्ही काहीच बोलला नाहीत.

ते न बोलणं मी अंगावर घेऊन वाढले. दहा वर्षांची पोर काय करणार? मी पिठाला हात लावेना, धाकट्या भावाला उचलेना. आई दोनतीन दिवस बघत राहिली आणि मग कडाडली, "काय झालंय गं तुझ्या हाताला? ह्याच हातानं भात लावतोय आपन, त्यो खाऊन गाव जगतंय. मासं तेवढं मेलं व्हय?" आईला अक्षर येत नव्हतं. तिनं पुरावा मांडला होता आणि मला तो पटला नाही, कारण तुम्ही शिकलेले होतात. विटाळ मी केव्हाच झुगारून दिला असता, गुरुजी, तो सांगणारे अडाणी होते. तुम्ही मला ऊब सांगितलीत. विज्ञान सांगितलंत.

पुढे मी सातवीची फायनल पास झाले, बेळगावला आले, मिळेल ते वाचलं. धर्मग्रंथ वाचले ते भांडण्यासाठी, इतिहास वाचला तोही भांडण्यासाठी. आणि एके दिवशी वाचनालयात, घरात मासे पाळण्यावरच्या एका इंग्रजी पुस्तिकेत, एक साधं वाक्य: तांब्याच्या भांड्यात मासे ठेवू नयेत, ते मरतात. मी ते तीनदा वाचलं. मग खुर्ची मागे सारून उभी राहिले आणि वाचनालयात मोठ्यानं शिवी दिली. मला बाहेर काढलं.

पुस्तकावर तरी विश्वास का ठेवावा? पिरनवाडीकडच्या वाफ्यांतून मी बारा मासे आणले. सहा चिंचेनं घासलेल्या तांब्याच्या पातेल्यात, सहा काचेच्या बरणीत. पाणी एकाच घागरीतलं. बरणीत मी दिवसातून चार वेळा कोपरापर्यंत हात घातला, ऊब लागावी म्हणून मुद्दाम धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी पातेल्यातले सहाही गेले. बरणीतले तिसऱ्या दिवशी माझ्या बोटांजवळ येऊन अळ्या मागत होते. ते सहा मासे मी मारले, आणि त्यांचं मला वाईट वाटतं. पण मला कळायलाच हवं होतं.

आता माझ्या खोलीत पत्र्याच्या चौकटीची काचेची पेटी आहे. सकाळचं ऊन येतं तिथे ठेवली आहे. पाणी आदल्या दिवशी भरून ठेवते, कधीही निम्म्याहून जास्त बदलत नाही. वर जाळी, कारण हे मासे उड्या मारतात. अंडी लागलेलं शेवाळ निराळ्या बरणीत काढते, नाहीतर मोठे मासे पिल्लं गिळतात. एकटा मासा ठेवत नाही, तो फिका पडतो आणि कोपऱ्यात उभा राहतो. ही सगळी कामं हातानं करते.

तांब्याचं तुम्हाला ठाऊक नव्हतं, ते मी सोडून देते. पण ते पंधरा मासे वाफ्यातून तुमच्या लोट्यापर्यंत कुणाच्या ओंजळीतून आले, ते तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही बांधावर उभे होतात, गुडघाभर चिखलानं माखलेले. तीन महिने ते जगले. त्या दिवशी पायरीवर एवढं एक वाक्य बोलायचं होतं. गावाशी भांडून मला शाळेत घेणारा माणूस ते बोलू शकला असता. तुम्ही हिशेब केलात की शाळा टिकली पाहिजे. पोर काय, सोसेल.

परवा निपाणीत, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांपुढे मी ही गोष्ट सांगितली. नेहमी सांगते तशीच सांगितली: की मी पायरीखाली ताठ उभी राहिले, सगळ्यांदेखत विचारलं, 'मासं धरताना हात कुनाचा हुता?' आणि मागे न बघता निघून गेले. बायका उठून उभ्या राहिल्या. सभा संपल्यावर एक म्हातारी जवळ आली, तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं माझ्या गालाला लावून म्हणाली, "येवढीशी आसून बोललीस व्हय गं बाई?" मी म्हणाले, "व्हय आक्का."

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून इथे लिहिते. मी बोलले नव्हते. मी हात जोडून म्हणाले होते, "चुकलं गुरुजी, परत न्हाय हात लावनार." तुम्ही म्हणालात, "असू दे. उद्यापासून वेळेवर ये." आणि मला इतका आनंद झाला, गुरुजी, की मी बांधावरून पळत घरी गेले आणि लांबूनच आईला ओरडून सांगितलं, गुरुजींनी मला माफ केलं.