हक्कसोडपत्रावर न झालेली सही

बाबा, या उन्हाळ्यात तुमच्या लेकीनं मालेगावच्या कचेरीत भर लोकांत तोंड उघडलं, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमच्यामागं आईही मागच्या वर्षी गेली. सातबाऱ्यावर आता दादा आणि मी, दोघंच. आपल्या गावी, किन्हीराजात, जुनी रीत नव्या रूपात परत आली आहे, शेत लेकाचं अन् साडी लेकीची. पूर्वी बहिणींना कुणी विचारतच नसे. आता कायद्यानं सही लागते, म्हणून त्यांना कचेरीत नेतात, हक्कसोडपत्रावर सही घेतात, साडी देतात, जेवू घालतात. दादानंही साडी आणली. वहिनी म्हणाली, "ताई, हिस्सा घेतला का माहेर तुटते." मी निघाले. खोटं कशाला बोलू, सही करायलाच निघाले.

तिथल्या बाबूंनी कागद वाचला आणि सगळ्यांना विचारतात तसं मान वर न करता विचारलं, "ताई, कोनाचा दबाव तं नाई ना?" याला 'नाई' म्हणायचं असतं, सगळ्या बहिणी तेच म्हणतात. मला मात्र तुम्ही दिसलात. कायदा बदलून लेकींना हिस्सा मिळाल्याची बातमी वाचून तुम्ही ओसरीवर बसला आहात, मी म्हणते, "मले कायले पाह्यजे? दादा देईन की पायलीभर तूर," आणि तुम्ही पेपर आपटता. "हक्काचं सोडून मागून खाशीन? लाज नाई वाटत?" तेवढे कधी रागावला नव्हतात माझ्यावर.

"हाव," मी म्हटलं, "दबाव हाये."

बाबूंचा पेन थांबला. दादा उसळला, "काहून वं, मारून आनलं काय तुले?"

"मारलं नाई दादा. माहेर तुटन म्हनता, तो दबाव नाई तं काय हाये?"

दादा मोटरसायकल काढून एकटाच गेला. मी एसटीनं परतले. बाबा, ऊर असा भरून आला होता की कंडक्टरलाही सांगावंसं वाटलं, माझं नाव आहे तिथंच आहे!

पुढचं तुमच्या तोंडावर सांगता आलं नसतं, म्हणून वहीतच लिहून ठेवते. दादाकडचं महालक्ष्म्यांच्या जेवणाचं बोलावणं यंदा आलं नाही. सासरी मी सांगितलं, मी शिकवते त्या शाळेतून मलाच सुटी मिळत नाही.