मी ‘हो’ काहून म्हटलं

२ फेब्रु., सोम.
मेट्रन मॅडमनं सकाळी सकाळी बोलावलं. यवतमाळले ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर लोकांची कॉन्फरन्स आहे, शनि-रवि. आपल्या दवाखान्यातून एकीलेच पाठवणार. "रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं आहे न तुमचं? पॉइंट भेटतीन. तुम्हीच जा." खरं लिहिते, पॉइंटसाठीच तयार झाली. पल्लवीचं तोंड उतरलं. दोन वर्षांपासून माझ्या हाताखाली आहे, तिलेही जायचं होतं.

आमचे सर्जन सर हात धुता धुता म्हणाले, "सिस्टर, दुर्बिणीच्या ऑपरेशनचं शिकून या. मशीन आलं की तुमच्याच भरवशावर आहे." मी विचारलं, येणार कधी मशीन? नळ चालू असला की सरांले काहीच ऐकू येत नाही, बावीस वर्षांचा अनुभव आहे माझा.

७ फेब्रु., शनि., यवतमाळ
पुसदहून सहाची एसटी. आर्णीले चहा, तोही थंडगार. कॉन्फ. मंगल कार्यालयात. स्टेजवर कालच्या लग्नाची झालर तशीच. बॅग, पेन, पॅड भेटलं. दुर्बिणीच्या हॉलमंदी मुंगीले जागा नाही! बाजूच्या हॉलात पंखा होता, बसली तिथंच. विषय काय, त ‘पेशंटची ओळख’. म्हटलं घ्या, बावीस वर्षं झाली, आता हे शिका.

शिकवाले नागपूरच्या एक मॅडम. ठेंगण्या, आवाज खणखणीत. "टेबलावर पेशंट म्हणून कोण झोपतं?" मी उठली. कंबर दुखून राह्यलती, तेवढीच टेकवू. अंगावर हिरवी चादर, वरून लाइट. उमरखेडची एक सिस्टर फाइल घेऊन आली. "कमलबाई ना तुम्ही?"

मी म्हटलं, "हो."

अख्खा हॉल हसला. मीही हसली. मॅडम हसल्या नाहीत. "नाव आपण वाचून दाखवायचं नाही. ‘नाव सांगा’ म्हणायचं, आणि थांबायचं."

पण मी रेखा! मले कोणी ‘हो म्हण’ असं शिकवलं नव्हतं. मंग म्हटलं कसं? जेवणात गुलाबजाम होते, त्यातही लक्ष नाही.

८ फेब्रु., रवि.
मॅडमले गाठलं. मी हो काहून म्हटलं असंन? "ते तुम्ही शोधा, आणि मलाही कळवा." पॅडवर नंबर लिहून दिला. मले वाटलं, मॅडमले तरी ठाऊक असंन.

सर्टिफिकेट भेटलं, पॉइंट भेटले. दुर्बिणीचं फक्त माहितीपत्रक.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. तुरीचे कट्टे शिवत बसले होते. म्हणे, "घरी त कधी हो म्हणत नाहीस!" हसून हसून पोट दुखलं. पण प्रश्न तिथंच.

९ फेब्रु., सोम.
सर: "दुर्बीण शिकलात?"
मी: "नाही सर. नाव विचाराले शिकली."
मंग मी सगळं सांगितलं, टेबलावरचं सुद्धा, आणि म्हटलं, आपणही प्रत्येक पेशंटले असंच नाव विचारू. सर म्हणाले, "शनिवारपर्यंत करून पाहा. माझी लिस्ट लांबली त बंद. पुन्हा विषय काढायचा नाही." बरं. पाच दिवस त पाच दिवस. मले हे टिकवायचंच आहे. काहून एवढं, ते मलेही नीट सांगता येत नाही.

१० फेब्रु., मंगळ.
पहिलेच आजोबा. "नाव सांगा बाबा." त म्हणे, "कागदावर हाये न? वाचता येत नाई काय तुमाले?" पल्लवी तोंड दाबून हसून राह्यलती.

जमुना मावशीले विचारलं. वॉर्डातल्या आमच्या जुन्या आयाबाई, बंजारा तांड्यावरच्या. मावशी म्हणाल्या, "सिस्टर, कागदावर नाव चुकलं असलं तरी आमी हो म्हणतो. नाई म्हटलं की परत पाठोते. दिवस जाते, मजुरी जाते." सहज बोलल्या आणि फडकं पिळाले लागल्या.

म्हणजे हो म्हणजे हो नाहीच. हो म्हणजे मले परत पाठवू नका. पण मले त कोणी परत पाठवणार नव्हतं, मी काहून...

मावशीकडून त्यांच्या गोरबोलीत ‘तुमचं नाव काय’ शिकून घेतलं: तमारो नाम कांई छ? मावशी माझ्या उच्चारावर लई हसल्या.

१२ फेब्रु., गुरु.
वाईट दिवस. हर्नियाची केस, तांड्यावरची सुनीता, पंचविशीची. मी मावशीनं शिकवलं तसं विचारलं. ती म्हणे, "सोनी."

फाइलवर सुनीता. मी म्हटलं, "थांबा सर."

सर हात धुऊन, ग्लोव्हज घालून उभे. मी बाहेर पळाली. सासू बाकावर बसली होती. "माहेरची सोनी, सासरची सुनीता. पह्यलं सीझर इथंच झालतं तिचं, माहेरच्यायनं आणलतं." एकच बाई, दोन नावं. बारा मिनिटं गेली. आत पोरगी रडून राह्यलती, तिले वाटलं आता परत पाठवते. कपाळावर हात ठेवला, म्हटलं नाही पाठवत बाई. माझी मलेच लाज वाटली. ज्या भेवापायी लोक हो म्हणते, तेच भेव मी तिले घातलं.

ऑपरेशन नीट झालं. सर जाता जाता: "झालं समाधान?"

१३ फेब्रु., शुक्र.
सकाळपासून सासूचं बोलणं डोक्यात. सीझर इथंच झालतं, पहिलं बाळंतपण, माहेरच्यांनी आणलेली. मंग तेव्हाची फाइल कोणत्या नावानं?

जेवायच्या सुट्टीत रेकॉर्ड रूममंदी गेली. सुनीताच्या नावानं जुनं काहीच नाही. सोनीच्या नावानं, वडलाचं नाव लावलेली, फाइल सापडली. धूळ झटकली. आत लाल शाईनं लिहिलेलं: अमुक इंजेक्शन दिल्यावर अंगावर पित्त, धाप लागली, पुन्हा देऊ नये.

कालच्या ऑर्डरमंदी तेच इंजेक्शन होतं. थिएटरातलं संपलं होतं म्हणून सरांनी ऐन वेळी दुसरं सांगितलं आणि पल्लवीनं ते काढलं. बस, एवढ्यानंच पोरगी वाचली.

स्टुलावर बसून राह्यली. काल मी नाव विचारलं, उत्तर भेटलं, आणि अर्धं ऐकून सोडून दिलं. वॉर्डात जाऊन आधी तिच्या नव्या फाइलवर मोठ्या अक्षरात लाल शाईनं लिहिलं. पोरगी चहात बिस्कीट बुडवून खाऊन राह्यलती. मले पाहून लाजली.

१४ फेब्रु., शनि.
दोन्ही फाइली सरांच्या टेबलावर ठेवल्या. उभी राह्यली. सरांनी लाल अक्षरं वाचली, काल लिहिलेली सुद्धा. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"शनिवार झाला सर. बंद करू काय?"

तेवढ्यात वॉर्डातून बोलावणं आलं, गेले.

१५ फेब्रु., रवि.
शिवरात्रीचा उपास. भगर थोडी करपली. नागपूरच्या मॅडमले फोन लावला. सोनीचं सांगितलं, मावशीचं सांगितलं. "आणि तुमचं स्वतःचं?" म्हटलं, चादर अंगावर आली, लाइट डोळ्यावर आला, आणि वाटलं की वर उभ्या असलेल्यांना सगळं माहीत आहे. मंग मॅडम म्हणाल्या, पुढच्या वर्षी तुम्ही बोला यावर. मी! स्टेजवर! ह्यांना अजून सांगितलं नाही.

१६ फेब्रु., सोम.
पहिली केस, नेरकडच्या एक आजी, लेकीकडे आलेल्या. खरं त आदल्या दिवशीच कॉटवर बसून नावं विचाराले पाहिजे होती, म्हणजे जुनी फाइल शोधता येते, पण काल सुट्टी. सर बेसिनवर हात धुऊन राह्यलते, पाठ आमच्याकडे. करू की नको, काहीच सांगितलेलं नाही. पल्लवी माझ्याकडे पाहे, मी सरांच्या पाठीकडे.

वाकली. "आजी, परत नाही पाठवत कोणी. कागदावरचं नाव सांगा, आणि माहेरचंही सांगा."

आजी तोंड उघडणार, तेवढ्यात सरांनी कोपरानं नळ बंद केला. साबण तसाच होता हाताले.

आजीनं दोन्ही नावं सांगितली. सरांनी पुन्हा नळ चालू केला. मी पल्लवीले म्हटलं, दोन्ही लिही फाइलवर.