पिकअपचं सत्तावीसचं अ‍ॅव्हरेज

प्रिय अर्डिस मावशी,

तुला आणि तुझ्या दोन्ही मांजरांना तिर्झाचा प्रेमाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? आई म्हणते तू आता जिना चढायला लागलीस, आणि बाबा म्हणतात एवढ्यात चढायला नको होतंस. दोघांचंही म्हणणं काळजीपोटीच आहे. इकडे सगळे बरे आहोत. लंगडं वासरू उभं राहिलं, पाऊस बेताचा झाला. तू कॉलेजसाठी पाठवलेले बूट मिळाले. फार सुंदर आहेत. अंगठ्याशी थोडे दाबतात (हे लिहावं की नाही यावर मी बराच विचार केला, पण न लिहिणं म्हणजे जवळजवळ खोटं बोलणं झालं असतं. शिवाय घालून घालून सैल होतील). तुझे मनापासून आभार.

तू विचारलं होतंस की पिकअपचं मी काय करून ठेवलंय आणि आमच्या चर्चमधली माणसं तुला फोन करून बाबांचं नाव घेऊन ‘लाइलकडे सगळं ठीक आहे ना’ असं का विचारतायत. तर मुळापासून सांगते. जनावरांच्या दवाखान्यातल्या परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला मला प्रवेश मिळाला, तेव्हा बाबा ‘बघू’ म्हणाले. आमच्या घरातल्या ‘बघू’चा अर्थ तुला माहीत आहे. अख्खा हिवाळा ‘बघू’त गेला. मी जन्मात स्वयंपाकघरातल्या टेबलाशिवाय दुसऱ्या कुठल्या शाळेत बसलेली नाही, आणि शिक्षिका म्हणून आईच, त्यामुळे मलाही वाटायचं की बाबांची भीती अगदीच खोटी नाही. शेवटी वसंतात, गाईंची वेतं संपल्यावर, त्यांनी अट घातली. आजोबांची निळी डिझेल पिकअप एका गॅलनला पंधरा मैल देते. तिच्यातून वीस काढून दाखव, मग रोज साठ मैल जा आणि साठ मैल ये. शहरात परक्यांच्यात मुक्काम नाही. (तुझ्याकडे राहण्याचा विषयसुद्धा काढायचा नाही, असं आईनं मला बजावलं होतं, कारण तुझं नुकतंच ऑपरेशन झालेलं.) थोडक्यात, माझं कॉलेज त्या पाच मैलांवर अडकलेलं होतं.

मग मी कामाला लागले. गाडीचं पोट खालून उघडं असतं, तिथे वारा अडकतो आणि इंजिनाला ओढायला जड जातं. तिथे सपाट काहीतरी लावलं की वारा घसरून जातो. या कामाला सगळ्यात उत्तम म्हणजे निवडणुकीनंतर लोकांच्या अंगणात उरलेल्या पन्हळी प्लास्टिकच्या पाट्या. शेरीफच्या निवडणुकीत पडलेले वेंडेल ऑस्टबी यांच्याकडे मी रीतसर परवानगी मागायला गेले, तर त्यांनी गॅरेजभर पाट्या दिल्या आणि वर म्हणाले, “ने गं बाई, कुणाच्या तरी उपयोगी पडलो.” मग मला वाटलं, एकाच पक्षाच्या पाट्या लावणं बरोबर नाही, म्हणून निवडून आलेल्या साहेबांच्याही आणल्या आणि एकाआड एक ठोकल्या. चेहरे वरच्या बाजूला, इंजिनाकडे केले, म्हणजे जाता येता प्रचार नको. पुढच्या जाळीवर अर्ध्यापर्यंत पाटी, मागच्या चाकांवर आईचे पिझ्झाचे दोन ट्रे (तिला विचारून), टायरमध्ये हवा जास्त, आणि सीटच्या मागून आजोबांनी जमवलेल्या साखळ्या, जॅक आणि एक नांगराचा फाळ असं सगळं बाहेर काढलं.

मागचा फाळका वर ठेवावा की पाडावा, यावर मात्र गावात दोन तट पडले. धान्य कोठारापाशी सकाळी कॉफीला बसणारी मंडळी म्हणत, फाळका पाड, वारा सरळ निघून जाईल. आमचे शेजारी डेल्मर काका म्हणत, वर ठेव, हौद्यात वारा गोल फिरतो आणि वरचा वारा त्याच्यावरून सरकतो. पाद्रीबाईंनी प्रवचनानंतर मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की त्या डेल्मरच्या बाजूच्या आहेत, पण हे त्यांच्या कॉफीवाल्या नवऱ्याला सांगू नकोस. मी हौद्यावर ताडपत्री ताणून बसवली. त्यामुळे दोन्ही तट थोडेथोडे नाराज झाले आणि शांतता झाली.

राहिला वेग. सगळ्यात जास्त तेल वाचतं ते हळू चालवण्यानं, म्हणून मी पंचेचाळिसाच्या वर कधी गेले नाही. चढावर आणखी हळू, उतारावर पाय वर. आपल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्याला स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं असतं. माझ्याकडे बघून मात्र लोक अख्खा हात उचलायला लागले, मग मान वळवून बघायला लागले, मग थांबून विचारायला लागले. “ठीक आहे ना, पोरी?” मी म्हणायची, “ठीक आहे, काका, मुद्दामच चाललंय.” आणि ते अशा चेहऱ्यानं मान हलवायचे जसं काही मी दुःख लपवतेय. त्याच आठवड्यात आमच्या दारात, दुःखाच्या घरी पाठवतात तसे, खिमा-बटाट्यांचे हॉटडिश यायला लागले. आईनं फोन करून विचारलं की कुणी वारलंय का, तर पलीकडून, “नाही गं, असंच, जास्त झालं होतं.” मावशी, आम्ही इतके हॉटडिश खाल्ले की कुत्रा त्यांना तोंड लावेना. पण एकेकाचं मन बघ! मी प्रत्येकाला आभाराचं कार्ड पाठवलं.

आणि मग अ‍ॅव्हरेज, दर खेपेला टाकी पुन्हा भरायला किती लागलं त्यावरून काढलेलं. पहिल्या खेपेला एकवीस. दुसऱ्या खेपेला चोवीस. तिसऱ्या खेपेला सत्तावीस! मी गणित तीनदा केलं, आईला करायला दिलं, तिचंही तेच आलं. बाबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली आणि म्हणाले, “जा मग.” मी रडले. दोन्ही शेरीफ उमेदवारांचे मनातल्या मनात आभार मानले.

त्यानंतर डिझेलच्या फिल्टरमधलं पाणी काढायचं म्हणून मी खालची चावी फिरवली आणि बरणी धरली, तर बरणीत चेरीच्या सरबतासारखं लाल. क्षणभर वाटलं, गाडीला काहीतरी लागलंय. मग ओळखलं. ट्रॅक्टरचं डिझेल! त्याच्यावर कर नसतो, आणि म्हणूनच त्यात लाल रंग घालतात, की कुणी ते रस्त्यावरच्या गाडीत वापरलं तर पोलिसाला लगेच कळावं. मी ते कधीच घातलं नव्हतं. आणि आदल्याच दिवशी महामार्गावरच्या पोलिसाला बोट उचलून मी हसले होते! मी चावी घट्ट बंद करून टाकली.

पुढच्या रविवारी उपासना चालू असताना मी अ‍ॅपल-पायचं भांडं आणायला बाहेर आले, तर टाय बांधलेले डेल्मर काका माझ्या गाडीपाशी, हातात कॅन आणि नरसाळं.

“काका, हे काय चाललंय?”

“टायरची हवा बघतोय.”

“टाकीच्या तोंडातून?”

काकांनी कॅन खाली ठेवला. “हे बघ, तू त्या चढावर गोगलगाईसारखी रांगत होतीस. आमची हिल्डा म्हणाली, लाइलच्या पोरीकडे तेलाला पैसे नाहीत आणि तुम्ही नुसतं बोट वर करून पुढे जाता. आठवडाभर घासागणिक टोमणे खाल्ले मी.”

“अहो, मी मुद्दाम हळू चालवत होते. अ‍ॅव्हरेजसाठी.”

“आणि जाळीवर ठोकलेली ती पाटी?”

“तीही मुद्दाम.”

“आम्हाला वाटलं रेडिएटर फुटलाय आणि तुझा बाप मानी, बोलत नाही.” मग त्यांनी विचारलं, “पडलं किती?” मी सत्तावीस म्हणाले. काका हसता हसता बंपरवर बसले आणि टायनं डोळे पुसले. “त्यातले दहा तरी माझे असतील गं! आणि मी एकटाच नाही हं. मागे एकदा ओतायला आलो, तर टाकी काठोकाठ भरलेली. माझ्या आधीच कुणीतरी येऊन गेलेलं.”

आता तूच सांग, लोकांच्या टाकीतून तेल चोरणाऱ्याला काय म्हणायचं ते मला माहीत आहे, पण चोरून घालणाऱ्यावर कसं रागवायचं? मी काकांचे आभार मानले, सगळं लाल डिझेल उपसून त्यांच्या ट्रॅक्टरमध्ये परत ओतलं, आणि टाकीला कुलूपवालं झाकण लावून पहिल्यापासून मोजलं. अठरा आलं. मावशी, फक्त अठरा. त्या संध्याकाळी जेवताना मी बाबांना सगळं सांगून टाकलं.

बाबांनी आणखी बटाटे वाढून घेतले. मग म्हणाले, “अठरा? मी अठराच म्हणालो होतो.”

आई म्हणाली, “वीस म्हणाला होतात.”

“मग माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल.”

“बोलणारे तुम्हीच होतात, लाइल.”

बाबा उठून गोठ्यात गेले. ते फार मोठ्या मनानं बोलले, पण वीस म्हणजे वीस. तू काळजी करू नकोस. हे पत्र केवळ तुझी खुशाली विचारायला आणि बुटांबद्दल आभार मानायला लिहिते आहे.

तुझी ऋणी भाची,
तिर्झा

ता. क. मला तुझ्याकडे सोमवार ते शुक्रवार राहता येईल का? मी कोचावर झोपेन, स्वयंपाक करेन, तुला जिना चढू देणार नाही, आणि मांजरांची नखं फुकट कापून देईन. जमणार नसेल तर सरळ नाही म्हण. मी आईचं ऐकलं नाही हे तिला मी आत्ताच सांगितलंय, म्हणून तू ते लपवायची गरज नाही.

ता. क. २. आई म्हणाली, हे कधीच विचारायला हवं होतं. मग तिनं नेहमीप्रमाणे हे पत्र तपासलं. शुद्धलेखनाची चूक एकही नाही, पण माहितीत एक उणीव निघाली. डेल्मर काकांच्या आधी टाकी भरून गेलेले ते बाबा. मी धारा काढत असताना ते गावातल्या पंपावरून कर भरलेलं, कायद्यात बसणारं डिझेल आणून घालत होते. मी जाऊन विचारलं. ते ट्रॅक्टरखाली होते, बाहेर आले नाहीत. नुसते म्हणाले, “हिवाळाभर बघू-बघू केल्यावर एकदम हो कसं म्हणायचं माणसानं?”

ता. क. ३. तुझ्याकडे राहायला बाबांची हरकत नाही, पण सोमवारी तेच सोडणार आणि शुक्रवारी तेच आणणार, त्यांच्या मोठ्या पिकअपमधून. ती अकरा देते. मी त्यांना कागदावर दाखवलं की यात माझ्या सगळ्या पाट्या आणि पिझ्झाचे ट्रे पाण्यात गेले. ते म्हणाले, “गणित तुला तुझ्या आईनं शिकवलंय, मी नाही.” आणि तुझ्या घराजवळ नट-बोल्टचं चांगलं दुकान आहे का, असं त्यांनी विचारायला सांगितलंय, कारण बुधवारीही त्यांना शहरात काम निघेल असं दिसतंय. असेल किंवा नसेल, तू ‘आहे’ असंच कळव. (हे वाक्य मी लिहिलं यावर माझाच विश्वास बसत नाहीये.) आणि बुधवारी कॉफी थोडी जास्त ठेव.